कठड्याच्या उंचीवरून

आमची चाळ पाडली त्याला नऊ वर्षं झाली. गिरगावातल्या एका बोळातली तीन मजली, लाकडी कठड्यांची, कौलारू छपराची चाळ. आज तिथे काचेच्या खिडक्यांची उंच इमारत आहे, आणि बोळाच्या तोंडाशी उभं राहिलं तरी आपलं बिऱ्हाड हवेत नेमकं कुठे होतं याचा अंदाज लागत नाही. चाळीचा चाळ म्हणून काढलेला फोटो कुणाकडेच नाही. मुंजीच्या, बारशाच्या फोटोंत गॅलरीचा एखादा तुकडा मागे दिसतो, तोही माणसांनी झाकलेला. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी टाक आणि काळी शाई घेऊन ती आठवणीतून काढायला बसले.

पहिल्याच संध्याकाळी अडले ती जिन्याशी. पायऱ्या किती? वीस वर्षं रोज चढले-उतरले, पण आकडा काही आठवेना. डोळ्यांपुढे जिना येत होता, पण पायऱ्या मोजायला गेलं की त्या एकमेकींत मिसळून जात. शेवटी खुर्चीतच डोळे मिटून पाय उचलायला लागले. डावा, उजवा, डावा. चौथ्या पायरीची फळी मधोमध झिजून खोलगट झालेली, तिथे पाऊल आपोआप कडेला पडलं. सहाव्यानंतर शरीर वळलं. उजवा हात भिंतीकडे गेला, कारण डावीकडचा कठडा हलायचा आणि त्याला धरायचं नाही अशी घरच्यांची ताकीद होती. पुढे आणखी नऊ. डोळ्यांनी जपलेलं नव्हतं, ते पायांनी जपलं होतं.

हा काही माझ्या एकटीचा अनुभव नाही. जागेची आठवण आणि दृश्याची आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ या संशोधकाने उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात अशा पेशी दाखवल्या, ज्या उंदीर खोलीतल्या एका ठरावीक जागी आला की चेतवल्या जातात. दुसऱ्या जागी गेला की दुसऱ्या पेशी. २००५ मध्ये नॉर्वेतल्या मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्या भागात अंतरांची जाळी आखणाऱ्या पेशी शोधल्या. या तिघांना मिळून २०१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. ‘मी कुठे आहे’ याचा नकाशा मेंदू असा चालता चालता बनवतो. लहानपणीचं घर आठवताना आपण चित्र शोधतो, पण साठवलेली असते ती वाट, असं मला हे सगळं करताना वाटत गेलं. म्हणून आता कुणी विचारलं तर मी सांगते, आधी चित्र काढूच नका. उंबरठ्यापासून नळापर्यंत मनाने चाला, कुठे वळलात, कुठे वाकलात, अंधारात हात कशाला लागला, ते एका कागदावर साध्या आराखड्यात मांडा. खोल्यांचा तो वेडावाकडा नकाशा हाताशी असला की मग समोरचं दृश्य उभं राहतं.

दृश्यावर विसंबण्यात धोका आहे हे दाखवणारा एक साधा प्रयोग अमेरिकेत झाला होता. रेमंड निकरसन आणि मॅरिलिन अ‍ॅडम्स यांनी लोकांना त्यांच्या रोजच्या वापरातलं एक सेंटचं नाणं आठवणीतून काढायला सांगितलं. हजारदा हाताळलेलं नाणं, पण चेहरा कुठल्या बाजूला वळलाय, अक्षरं कुठे आहेत, यात बहुतेक जण चुकले. हा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला कुठे जायचंय लांब? दहाच्या नव्या नोटेमागे कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे. त्या चाकाच्या वर काय छापलंय ते नोट न काढता सांगून पाहावं. ओळखण्यापुरतं जेवढं लागतं तेवढंच मन ठेवतं, काढण्यापुरतं ठेवत नाही. आमच्या कठड्याच्या उभ्या दांड्यांचं तेच झालं. दोन खांबांमध्ये त्या किती होत्या, सांगता येईना. पण शाळेतून येताना लाकडी पट्टी त्यांच्यावरून खडखडवत नेली की जो आवाज यायचा तो स्पष्ट आठवत होता. खांब आला की एक मोठा ठोका, मग पुन्हा बारीक खडखड. टेबलावर बोटाने तो ठेका वाजवला तेव्हा खांबाखांबात अकरा दांड्या निघाल्या. अकराच होत्या अशी शपथ मी घेणार नाही, पण काढल्या अकराच.

पेन्सिलने का नाही, असं घरच्यांनी विचारलं होतं. पेन्सिल फार समजूतदार असते. जे नीट आठवत नाही तिथे करडी, पुसट छटा लावून पुढे जाता येतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं की इथे काहीतरी आहे. शाईत ती सोय नाही. रेषा आहे किंवा नाही. दाराला कडी होती की नव्हती हे टाक टेकवायच्या आधी ठरवावं लागतं. ठरवता येत नसेल तर तेवढा कागद कोरा सोडावा लागतो. आठवणीच्या चित्राला शाईइतकं प्रामाणिक दुसरं साधन मला माहीत नाही. तिच्यात आठवलेलं काळं दिसतं आणि विसरलेलं पांढरं.

शाई म्हणजे मुळात काजळी. दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी, खूप वेळ घोटून. आपल्याकडे मोडीतले हजारो कागद अशाच काळ्या शाईने, बोरूने लिहिलेले आहेत. काजळी म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन. तो उडत नाही, विटत नाही. कागद जीर्ण होतो, अक्षर तसंच राहतं. दुसरी जात हिरड्यासारख्या तुरट फळांतलं टॅनिन आणि हिराकस यांच्या मिश्रणाची. ती कागदावर पडल्यावर हवेने काळी होत जाते, पण काळाने तपकिरी पडते आणि प्रमाण बिघडलेलं असेल तर कागदच खाते. चित्रासाठी बाटलीत मिळणाऱ्या जलरोधक काळ्या शाईत कार्बनच असतो, फक्त डिंकाऐवजी बऱ्याचदा लाखेचं द्रावण असतं. त्यामुळे ती वाळली की पाण्याने हलत नाही. याच कारणाने ती फाउंटन पेनात कधी भरू नये. आत वाळली की पेन कायमचं बंद. निबसुद्धा दर पाच-दहा मिनिटांनी पाण्यात बुडवून फडक्याने पुसावी लागते.

निबेचं काम पाहण्यासारखं असतं. तिच्या मधोमध चीर असते. शाई त्या चिरेतून आपोआप खाली उतरते, दाब द्यावा लागत नाही. दाब दिला तर दोन्ही पाती फाकतात आणि रेषा जाड होते. सोडला की बारीक. म्हणजे एकाच रेषेला सुरुवातीला अंग आणि शेवटी टोक देता येतं. कापडाची घडी, दोरीवरचं वाळत घातलेलं धोतर, हे सगळं त्या फाकण्या-मिटण्यावर उभं राहतं. निब आपल्याकडे ओढायची असते. पुढे ढकलली तर ती कागदात रुतते आणि शिंतोडे उडतात. म्हणून हात वाकवण्यापेक्षा कागद फिरवावा. कोरी निब शाई धरत नाही, कारण गंजू नये म्हणून तिच्यावर तेलकट थर दिलेला असतो. तो आधी पुसून घ्यावा लागतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि पहिला कागद त्यातच गेला.

आपल्या मासिकांतल्या रेखाटनांची जी पिढ्यान् पिढ्यांची सवय डोळ्यांना आहे, तिच्यामागेही छपाईचं कारण आहे. खिळ्यांच्या छपाईत चित्र छापायचं तर जस्ताचा लाइन ब्लॉक करत. त्याला करडा रंग ठाऊकच नव्हता. ठशावर जे उंच, त्याला शाई लागणार. जे खोल, ते पांढरं राहणार. छाया दाखवायची तर रेषा दाट कराव्या लागत. छायाचित्रासाठी ठिपक्यांचा वेगळा ब्लॉक लागे, आणि वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर ते ठिपके भरून जात. म्हणून चित्रकार रेषेत विचार करायला शिकले. मारिओ मिरांडांचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. जन्म १९२६ चा, दमणचा. बालपण गोव्यातल्या लोटलीच्या मोठ्या घरात. भिंतींवर चित्रं काढतो म्हणून आईने त्यांना कोरी वही आणून दिली, आणि लहान वयापासून ते रोजनिशी लिहिण्याऐवजी काढू लागले. गावातले भटजी-पाद्री, लग्नं, प्रेतयात्रा, भांडणं, सगळं त्या वह्यांत आलं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. पुढे मुंबईच्या वर्तमानपत्रांतून त्यांची रेषा घरोघर गेली, पण ज्या गर्दीने त्यांचा कागद भरून जातो ती लोटलीच्या चर्चसमोरचीच गर्दी आहे असं मला नेहमी वाटतं. ते नशीबवान. जागा समोर असताना त्यांनी ती काढून ठेवली.

ज्यांनी तसं केलं नाही त्यांच्यासाठी व्हिन्सेंट व्हॅन गॉग आहे. फ्रान्समधल्या आर्ल गावी तो कालव्याकाठचा बोरू स्वतः तासून त्याने चित्रं काढायचा. बोरूच्या जाड, तुटक फटकाऱ्यांत त्याने तिथली शेतं काढली आहेत. १८८८ च्या नोव्हेंबरात त्याने एट्टन गावातल्या आईवडिलांच्या घराची बाग आठवणीतून रंगवली आणि बहिणीला पत्रात तिचं रेखाटन पाठवलं. बाग हुबेहूब नाही, स्वप्नात दिसावी तशी आहे, असं त्याने तिला समजावलं होतं. त्यानंतर दोन महिन्यांनी, मोठ्या आजारातून उठताना, त्याने भावाला लिहिलं की त्या दिवसांत त्याला झुंडर्टच्या जन्मघराची एकेक खोली, बागेतली एकेक वाट, एकेक झाड, मागचा भाजीचा वाफा, इतकंच काय, दफनभूमीतल्या उंच बाभळीवरचं पाखराचं घरटंसुद्धा दिसलं. तेव्हा तो पस्तिशीतला. त्या पत्रातलं मला सगळ्यात खरं वाटतं ते घरटं. चर्च कुणालाही आठवेल. घरटं फक्त त्या झाडाखाली मान वर करून उभ्या राहिलेल्या मुलालाच आठवणार.

आणि इथे माझ्या चित्रातली सगळ्यात मोठी चूक मला सापडली. गॅलरी काढून झाली होती. अकरा-अकरा दांड्या, खांब, वाळत घातलेले कपडे, टोकाला नळ. सगळं जागच्या जागी, आणि तरी ती आमची गॅलरी नव्हती. कुणा भाडेवसुलीला आलेल्या माणसाने पाहिलेली गॅलरी वाटत होती. आठवडाभर विचार केल्यावर लक्षात आलं की मी ती पाच फुटांवरच्या डोळ्यांनी काढली आहे.

यथार्थदर्शनाचा नियम असा की पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असलेलं सगळं क्षितिजरेषेवर येतं, मग ते जवळ असो की दूर. त्याहून उंच असलेल्या रेषा लांब जाताना खाली उतरत येतात, ठेंगण्या असलेल्या वर चढत जातात, आणि सगळ्या त्या रेषेवरच्या एका बिंदूत मिळतात. मोठ्या माणसाला कठडा डोळ्यांखाली दिसतो, म्हणून त्याच्यावरची आडवी पट्टी दूर जाताना वर चढते आणि तिच्यावरून पलीकडचा चौक मोकळा दिसतो. पण आमचा कठडा सव्वातीन फुटांच्या आसपास असावा, आणि पहिलीतल्या मुलीचे डोळेही साधारण तेवढ्याच उंचीवर असतात. म्हणजे कठड्याची वरची पट्टी आणि क्षितिज एकच. ती चढतही नाही, उतरतही नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आडवी जाते. तिच्यावरून खालचा चौक दिसत नाही. चौक दिसतो तो दांड्यांच्या फटींतून, उभ्या पट्ट्यांत कापलेला. एका फटीत नळावरची घागर, पुढच्या फटीत कुणाची तरी अर्धी पाठ, तिसऱ्या फटीत गणपतीच्या मांडवाचा बांबू. छत खूप वर जातं. दारात उभ्या असलेल्या काकूंचं कंबरेला खोचलेलं पदराचं टोक बरोबर समोर येतं आणि चेहरा पार वर, सावलीत.

मी नवा कागद घेतला, क्षितिजरेषा खाली आणली, आणि पहिल्या खांबापासूनच घशात आवंढा आला. असाच होता तो. लहानपणीच्या जागा मोठेपणी पाहिल्या की ठेंगण्या वाटतात असं सगळेच म्हणतात. कागदावर त्यांना पुन्हा मोठं करायला डोळ्यांची रेषा दीड-दोन फूट खाली उतरवणं पुरतं.

अंधाराचं तंत्र मात्र वेगळं शिकावं लागलं. खोल्यांच्या मागून जाणारा बोळ दिवसाही काळोखा असायचा. तिथे सरळ शाई ओतली तर कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. रेषांच्या थरांनी अंधार केला तर त्यात शिरता येतं. जमिनीला आडव्या रेषा, भिंतीला उभ्या, छताला तिरक्या. कुठल्या पृष्ठभागावर आपण आहोत ते रेषेची दिशाच सांगते. दुसरा थर पहिल्यावर काटकोनात दिला तर चाळणीसारखी चौकट दिसते, म्हणून तो थोडा कलता द्यायचा. आणि पहिला पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर जिथे रेषा छेदतात तिथे थेंब साचतात. बोळात मी चार थर दिले, आणि सगळ्यात गडद जागीही पांढऱ्याचे बारीक कण राहू दिले. डोळा ते काळ्यात मिसळून घेतो. टोकाला संडासाच्या दारावरच्या फटीतून यायचा तेवढा उजेड फक्त कोऱ्या कागदाचा ठेवला.

ही सगळी मेहनत एका सावधगिरीने केली, आणि ती मला महत्त्वाची वाटते. चित्र पुरं होईपर्यंत मी कुणालाही काही विचारलं नाही. चाळीतली माणसं आज डोंबिवलीपासून विरारपर्यंत विखुरलेली आहेत, फोन केला असता तर आनंदाने बोलली असती. पण ऐकलेली गोष्ट आपल्या आठवणीत इतक्या बेमालूम मिसळते की मागाहून तिला वेगळं काढता येत नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये काही जणांना मोटारींच्या अपघाताची फीत दाखवली आणि काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, ‘आदळून चुराडा झाला’ तेव्हा किती होता. आठवड्याने पुन्हा विचारलं की फुटलेल्या काचा पाहिल्या का. फितीत काचा नव्हत्याच. पण ‘चुराडा’ ऐकलेल्यांपैकी कितीतरी जास्त जणांना त्या आठवल्या. एका शब्दाने एवढं होतं, तर शेजारच्या काकूंनी अर्धा तास मायेने सांगितलेल्या वर्णनाने काय होईल! म्हणून आधी शाई, मग विचारणं. शाई एकदा वाळली की माझी आठवण होती तशी कागदावर पक्की झाली. पुढे कुणी काही सांगितलं तर ते तपकिरी शाईने भरायचं असं ठरवलं, म्हणजे कुठली रेषा माझी आणि कुठली दुसऱ्याची हे कायम कळावं.

चित्रात तीन जागा कोऱ्या राहिल्या होत्या. छपराची पन्हळ कुठे उतरायची ते आठवलं नाही. तळमजल्यावरच्या दुकानाची पाटी आठवली नाही. आणि आमच्या दारापासून चौथ्या दाराच्या डाव्या अंगाला, कठड्याला लागून, हातभर लांबीची एक जागा. तिथे काहीतरी होतं एवढंच माहीत होतं. प्रत्येक वेळी तिथे टाक थांबायचा. दांड्यांचा ठेकाही तिथे मनात अडखळायचा.

गेल्या श्रावणात चित्र गुंडाळून मी चौथ्या दारातल्या काकूंकडे डोंबिवलीला गेले. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी चष्मा पुसला, कागद टेबलावर पसरून घेतला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बोट ठेवत ठेवत एकेक बिऱ्हाड ओळखीत गेल्या. नळापाशी हसल्या. स्वतःच्या दारापाशी आल्यावर बोट कोऱ्या जागेवर थांबलं.

“अगं, इथे माझा पाटा होता ना!”

मला अजूनही दिसेना.

“घरात जागा कुठली? बाहेरच असायचा, कठड्याला टेकवून, खाली गोणपाट. तू एकदा धावत आलीस ती धडकलीस त्याच्यावर. अंगठा फुटला, नख गेलं. मीच हळद दाबली होती. दाखव बघू पाय.”

उजव्या अंगठ्याचं नख माझं अजून जरा वाकडंच येतं. ते कशाने, हे मला कधी ठाऊक नव्हतं. लहानपणी पडले होते असं आई सांगायची, तेवढंच.

काकूंना मी विचारलं, पाटा कसा दिसायचा. त्यांनी हातांनीच दाखवला, लांबी, जाडी, वरच्या अंगाची गोलाई. मधला भाग वाटून वाटून गुळगुळीत झालेला, कडेला टाकीच्या खुणा शिल्लक. पाटे-वरवंट्यांना टाकी लावणाऱ्या बायका दर दोन-तीन महिन्यांनी बोळातून हाळी देत यायच्या. काकू पाटा चौकात नेऊन ठेवायच्या आणि छिन्नीचे ठोके पडत असताना शेजारी बसून राहायच्या, कारण मन दुसरीकडे गेलं की त्या बायका कडा सोडून मधेच भराभर ठोकतात.

“कडेपासून सुरू कर,” काकू म्हणाल्या.

मी पिशवीतून तपकिरी शाईची बाटली काढली, टाक बुडवला आणि पाट्याच्या कडेपासून एकेक टिंब द्यायला लागले.